बिनभोंग्याची गाडी

सयाजी ड्रायव्हर आला हे शाहूपुरीत कुणी डोळ्यांनी बघायला जात नसे, ते आधी कानांना कळायचं. गूळ अडत्याच्या त्या जुन्या ट्रकचा बटणाचा हॉर्न केव्हाच मेला होता, पण सयाजीला त्याची फिकीर नव्हती. ड्रायव्हरच्या दाराला बाहेरच्या अंगानं त्यानं स्वतः पितळी भोंगा बसवून घेतला होता. हातभर लांब, आणि मागं नारळाएवढा रबरी फुगा. तो फुगा सयाजी नुसता दाबत नसे, पिळत असे. मग रस्त्यातली म्हैस तर बाजूला व्हायचीच, पण तिच्या मालकाच्या तोंडातली विडीसुद्धा गळून पडायची. कुणी म्हणालं, "सयाजीराव, जरा बेतानं," तर ह्याचं उत्तर तयार, "अवो, गाडी काय डिझेलवर चालती व्हय? भोंग्यावर चालती!"

माणूस तसाच होता. जाडजूड, मिशाळ, तोंडाचा फाटका. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. हमालांना आई-बहिणीवरून शिव्या घालायचा आणि त्यांच्यातल्या कुणाच्या घरी दुखणं आलं की दवाखान्यात हाच आधी हजर. अशी माणसं सगळ्या जगाशी सकाळी भांडतात आणि संध्याकाळी विसरून जातात. पण एखादीच गोष्ट अशी धरून बसतात की मेल्यावरही मूठ उघडणार नाही. सयाजीनं धरून ठेवलेली गोष्ट म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, कृष्णात.

कृष्णात आजऱ्याजवळच्या गावी आईपाशी राहायचा. तिशी ओलांडलेला उंचापुरा गडी, पण गाव त्याला खुळा म्हणायचं. खुळा कसला? त्याची तऱ्हा वेगळी होती, एवढंच. माणसाच्या तोंडाकडं बघायचा नाही. विचारलेलं एक आणि बोलणार दुसरं, नाहीतर विचारलेलंच पुन्हा म्हणणार. पाणी आणायचं तर त्याच वाटेनं, निजायचं तर त्याच कोपऱ्यात, ताटात भात इकडं आणि आमटी तिकडं. भाताला आमटी लागली तर पठ्ठ्या दिवसभर उपाशी. आजकाल अशा माणसांना डॉक्टर काहीतरी नाव देत असतील. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, आणि तेव्हा आजऱ्याकडं त्याला नावही नव्हतं आणि औषधही नव्हतं. जे काय होतं ते त्याची आई, धोंडुबाई.

दोघा भावांचं बिनसलं ते सयाजीच्या लग्नात. लग्न कोल्हापुरात, मुलीच्या दारी. धोंडुबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "बाजा जरा लांब ठेवा. ह्येला सोसत न्हाई." पण बाईचं ऐकतंय कोण? बाजा नाही तर लग्न कसलं? ताशे आले, पितळी बँड आला, बार उडवायच्या गरनाळा आल्या. नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचा मान धाकट्या भावाचा, म्हणून कृष्णातला नवा फेटा बांधून उभा केला. शेवटचं "सावधान" झालं, अक्षता पडल्या, आणि एकदम सगळी वाजंत्री एकाच वेळी फुटली. कृष्णात जो उधळला तो मांडवातून आडवा पळाला. वाटेत सासऱ्याला धक्का लागून त्याचा फेटा खाली पडला. कोल्हापुरात भर मांडवात व्याह्याचा फेटा मातीत! झालं, मुलीकडच्यांनी बाह्या सरसावल्या. धोंडुबाई अक्षता टाकून पोराच्या मागं धावली, आणि मुंडावळ्या बांधलेला सयाजी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "असला भाऊ मला नगं! आजपास्नं मला भाऊ न्हाई!"

म्हातारीनं ते ऐकलं. कृष्णात तिसऱ्या प्रहरी एका उसाच्या फडात सापडला, आणि तशीच ती त्याला घेऊन एसटीनं गावी गेली. नव्या सुनेला ओवाळून घरात घ्यायला सासू नव्हती. पुढं सयाजी अधूनमधून आईला भेटायला जायचा, पण पाहुण्यासारखा. तो पुढच्या दारानं आला की कृष्णात मागच्या दारानं बाहेर. बारा-तेरा वर्षं दोघं एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. एक बोलायचा नाही रागानं आणि दुसरा का बोलत नव्हता ते कुणी विचारलंच नाही.

आणि मग धोंडुबाई गेली.

दहाव्याला हिरण्यकेशीच्या काठी पिंड ठेवले आणि गाव झाडाखाली जाऊन बसलं. कावळे होते. झाडावर ओळीनं बसले होते, पण एकही खाली उतरेना. आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. मग सुरू झालं. कुणी म्हणालं, "धोंडूआक्का, तुझी म्हस इकणार न्हाई." कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, "परड्यातला फणस तोडणार न्हाई." कावळ्यानं मान फिरवली. ऊन डोक्यावर आलं, पोटात कावळे ओरडायला लागले आणि खरे कावळे मात्र गप्प. शेवटी गुंडूतात्या उठले. गावातलं वडीलधारं माणूस, सयाजीच्या बापाच्या बरोबरीचं. म्हणाले, "सयाजी, कशाला समद्यास्नी उन्हात बसवतोस? म्हातारीचा जीव कशात हाय ते शेंबड्या पोराला बी कळतंय. धाकट्याला सांभाळतो म्हण."

डोकं आणि मिशा भादरलेला सयाजी हात जोडून उभा. मिशीविना त्याला अंगावर कापड नसल्यासारखं झालं होतं. सगळं गाव बघतंय. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "आई, कृष्णातला सांभाळतो. काळजी करू नगंस."

एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि शिवला. बायकांनी डोळे पुसले, गडी जेवायला उठले, आणि सयाजी अडकला.

आता शब्द दिला, तो भर गावात आणि भर दुपारी. पण कोल्हापुरातल्या दोन खोल्यांत ह्या माणसाला ठेवायचं म्हणजे काय, ह्या विचारानं सयाजीची झोप उडाली. बायको शालूबाई दहावं करून एसटीनं पुढं गेली, ती जातानाच म्हणाली होती, "भावजींना घेऊनच या. आपल्याला न्हाईतरी पोरबाळ न्हाई, एक ताट जास्त." बाईचं काळीज मोठं. तिच्या बापाचा फेटा पडला होता आणि तीच असं म्हणत होती. पण सयाजीला गल्ली दिसत होती, लोकांच्या माना वळलेल्या दिसत होत्या, आणि पुन्हा एखाद्याचा फेटा मातीत दिसत होता. मग त्यानं एक तोड काढली. कबनूरला मामाचा मुलगा होता, बाळासो. त्याचे घरामागंच कापडाचे माग होते, कामाला माणूस हवाच होता. भाऊ तिथं राहील, खाईल, काहीतरी उचलठेव करील. बाळासोला निरोप गेला, त्याचा होकार आला. 'सांभाळतो' म्हणालो होतो, कुठं ते कुठं म्हणालो होतो? कावळ्याला काय कळतंय, कबनूर का कोल्हापूर!

तेराव्यानंतर सयाजीनं ट्रकमध्ये आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पोती भरून घेतली. थोडी इचलकरंजीला उतरायची, बाकीची कोल्हापूरला. क्लीनर तापानं पडला होता, म्हणजे शेजारची जागा मोकळीच. सयाजीला वाटलं होतं की कृष्णात गाडीत चढायला तमाशा करणार. चार माणसं तयार ठेवली होती, दोरीसुद्धा होती. तर झालं भलतंच. कृष्णात सकाळीच आंघोळ करून, कपड्यांचं गाठोडं काखेत धरून ट्रकच्या दारापाशी उभा. कुणी काही बोलायच्या आत वर चढला आणि क्लीनरच्या जागेवर ताठ बसला.

"बग," गुंडूतात्या म्हणाले, "तू उगंच भीत होतास."

"भितोय कोण?" सयाजी गुरकावला, आणि दोरी पोत्याखाली सरकवली.

ट्रक सुरू झाला. इंजिनाचा डबा मधोमध, त्याची घरघर सगळ्या केबिनला हलवत होती. कृष्णातनं त्या डब्यावर गोधडी टाकली आणि गाल टेकला. डोळे मिटले. सयाजीनं एकदा तिरकं बघितलं आणि मनात म्हणाला, चला, झोपून गेला तर कबनूरपर्यंत कटकट नाही.

आजऱ्याच्या बाजारपेठेत म्हशींचा कळप आडवा आला. सयाजीचा हात सवयीनं दाराबाहेर गेला आणि त्यानं भोंगा पिळला.

पुढचं सगळं डोळ्यांची पापणी लवायच्या आत झालं. कृष्णात फेकल्यासारखा उठला, दार उघडलं, चालत्या गाडीतून उडी मारली आणि म्हशींतून वाट काढत शिवाराकडं सुटला. सयाजीनं ब्रेक मारला, दोन शिव्या कृष्णातला आणि चार म्हशींना घातल्या, आणि धावला. चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस. भाताच्या वाफ्यात दोनदा गुडघ्याएवढ्या चिखलात गेला. बघतो तर कृष्णात बांधाच्या आडोशाला उकिडवा बसलेला. दोन्ही तळवे कानांवर दाबलेले, आणि मागं-पुढं हलत एकच चाललंय, "बाजा नगं. बाजा नगं. बाजा नगं."

सयाजीनं हात उगारला होता. तो तसाच वर राहिला.

बाजा! त्याला मांडव आठवला. तेव्हाही हा असाच कानांवर हात दाबून पळाला होता. तेव्हाही हेच म्हणत असेल, पण ताशांच्या कडकडाटात ऐकलं कुणी? आई तर आधीपासून कानीकपाळी ओरडत होती. ह्याला ना वहिनी नकोशी होती, ना लग्न मोडायचं होतं, ना भावाची अब्रू घालवायची होती. ह्याचे कान फाटत होते, एवढंच. आणि तेवढ्यावरून आपण एवढी वर्षं एका माणसाला घराबाहेर काढलं! सयाजी चिखलातच बसला. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की मिशी नाही हे बरंच झालं असं त्याला वाटून गेलं.

"चल," तो चिखलातून उठत म्हणाला. "बाजा न्हाई. चल."

"बाजा न्हाई," कृष्णात म्हणाला. पण उठला नाही.

सयाजी गाडीकडं गेला. पान्हा घेऊन भोंग्याचा फुगा काढला, परत येऊन कृष्णातसमोर धरला. "ह्यो बग. काढला. आता बोंबलतोय कशानं?" कृष्णातनं फुग्याकडं बघितलं, बोटानं एकदा दाबलं, त्यातून नुसती हवा आली, आणि मग तो उठून मुकाट्यानं गाडीत जाऊन बसला.

आता बिनभोंग्यानं गाडी चालवायची! तेही सयाजीनं! तलवार काढून घेतलेल्या सरदारासारखी त्याची गत झाली. वळणावर सायकलवाले, कडेला शेळ्या, मधोमध गप्पा मारत चाललेल्या बायका. सयाजी गाडीचा वेग बैलगाडीएवढा करायचा आणि मान बाहेर काढून विनवायचा, "ओ ताई, जरा कडंला... ओ मामा, बैल घ्या की..." जन्मात ज्यानं कुणाला 'जरा' म्हटलं नव्हतं तो माणूस जरा-जरा करत चालला होता. एका म्हाताऱ्यानं तर थांबून विचारलंच, "पावणं, गाडी इकत घेतली का मागून आणली?"

गडहिंग्लजच्या बाजारात मात्र पार कोंडी झाली. भाजीवाल्या रस्त्यावर, मिरच्यांचे ढीग रस्त्यावर, गाढवं रस्त्यावर. सयाजी ओरडून ओरडून दमला. मागून एसटीवाला हॉर्न मारायला लागला, तसे कृष्णातचे हात कानांवर गेले. सयाजीनं घाईनं अंगावरचा टॉवेल काढला आणि त्याच्या डोक्याला कानांवरून गच्च बांधला. खाली उतरून एसटीवाल्यापाशी गेला. लोक सरकले, त्यांना वाटलं आता हाणामारी. पण सयाजी हात जोडून म्हणाला, "दादा, गाडीत माझा भाऊ हाय. त्येला आवाज सोसत न्हाई. दोन मिंट दम धरा." 'माझा भाऊ' हे शब्द तोंडातून गेले आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आले. एसटीवाला वरमला. "तसं सांगा की मग," म्हणाला.

परत येतो तर काय! कृष्णात डोक्याला टॉवेल बांधून, दाराची काच खाली करून, मान बाहेर काढून बसलेला. आणि सपाट आवाजात, ना राग ना लोभ, एकाच चालीत म्हणतोय, "जरा कडंला घ्या. मामा, बैल घ्या. ताई, जरा कडंला घ्या." समोर ना मामा होता ना बैल. एक मिरचीवाली बाई हसून लोटपोट झाली, पण हसता हसता तिनं आपलं पोतं मागं ओढलं. तिचं बघून दुसरीनं ओढलं. गाढववाल्यानं गाढवं वळवली. ट्रक त्या हसणाऱ्या बाजारातून लोण्यातून सुरी जावी तसा निघून गेला.

सयाजी हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आरं मर्दा! भोंग्यापरास तू ब्येस की रं!"

"भोंग्यापरास ब्येस," कृष्णात म्हणाला, आणि त्याच्या तोंडाची एक कड वर गेली.

संकेश्वरच्या पुढं एका आंब्याखाली दोघं जेवायला बसले. गावातल्या बायकांनी भाकरी, झुणका आणि कृष्णातसाठी वेगळा कोरडा भात बांधून दिला होता. सयाजीनं भात फडक्यावर वेगळा काढून दिला, झुणका लांब ठेवला. आईनं आयुष्यभर जे केलं ते आता आपल्याला करायला लागणार, असं मनात आलं आणि त्याचं ओझं वाटलं नाही, ह्याचं त्यालाच नवल वाटलं. पण कृष्णात जेवेना. समोर भात घेऊन नुसता बसून.

"जेव की. आता काय झालं?"

"जेव की," कृष्णात म्हणाला, आणि भाकरीचं गाठोडं सयाजीकडं सरकवलं. सयाजीनं पहिला घास मोडून तोंडात घातला, तेव्हा कुठं ह्यानं भाताला हात लावला. काहीतरी खूळ असेल, सयाजीनं मनावर घेतलं नाही.

निपाणीच्या अलीकडंच त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. कबनूर रद्द. एका भोंग्यानं जो माणूस चालत्या गाडीतून उडी मारतो त्याला मागांच्या खडखडाटात ठेवायचं म्हणजे रोज मारायचं. बाळासोला सांगू, बाबा, तुझे उपकार झाले, पण भाऊ मी घरी नेतोय. गल्लीला काय म्हणायचं ते म्हणू दे. गल्ली काय आपल्याला भाकरी घालतीय? हे एकदा ठरलं आणि सयाजीला इतकं हलकं वाटलं की कागलपर्यंत तो शीळ घालत आला. शीळ कृष्णातला चालत होती. मग सयाजी त्याला कोल्हापूरचं सांगत बसला. "रंकाळ्यावर जाऊया. तितं शांत असतंय. तुझी वैनी तांदळाची भाकरी करती, पांढरीधोट. तू भात खा, मी भाकरी खातो." कृष्णात इंजिनाच्या डब्यावर गाल टेकून ऐकत होता, की ऐकत नव्हता, देव जाणे.

इचलकरंजीत पोती उतरवली आणि दिवस कलताना ट्रक कबनूरला बाळासोच्या दारात आला. मागांचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच सुरू झाला होता. खटाक-खटाक, खटाक-खटाक. सयाजीनं टॉवेल तयार ठेवला. "तू हितंच बस," तो म्हणाला. "मी दोन शब्द बोलून आलोच."

पण कृष्णातनं दार उघडलं होतं. टॉवेलही घेतला नाही. खाली उतरला, आणि आवाजापासून लांब न पळता सरळ आवाजाकडं चालायला लागला. सयाजी मागून धावला. कृष्णात घराला वळसा घालून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरला आणि एका मागासमोर उभा राहिला. सूत ओढणारा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, त्याच ठेक्यात, एकदाही न चुकता. कृष्णातनं मागाच्या लाकडावर हात ठेवला. मग त्याच ठेक्यावर त्याचं अंग हलायला लागलं आणि तो हसला. बारीकसं नाही, सगळे दात दिसतील असं हसला. सयाजीनं भावाला असं हसताना लहानपणानंतर बघितलंच नव्हतं. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अचानक फुटणारा आवाज ह्याला मारतो. न थांबता, न चुकता चालणारा आवाज ह्याला पाळण्यासारखा आहे. म्हणून तर हा इंजिनावर गाल टेकून आला.

बाळासो खूश. "बग, म्हणलो न्हवतो? ह्येला हितंच गमतंय. जा तू निवांत. मी बगतो." बाळासोची बायको बाळाबाई चहा घेऊन आली, तीसुद्धा चांगली बाई. म्हणाली, "मागच्या खोलीत जागा केलीया भावजींची. माग दिसतोय तिथनं."

आता सयाजीनं उड्या मारायला हव्या होत्या. चार दिवसांपूर्वी जे हवं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. शब्द राहिला, भाऊ सुखात, गल्लीचा प्रश्न मिटला. पण त्यानं चहा तसाच खाली ठेवला. सकाळी ज्याला टाकायला निघालो होतो तो संध्याकाळी हातातून सुटतोय म्हणून जीव कासावीस होतोय, हा काय प्रकार आहे? पण त्याला ओढून न्यायचं तरी कुठल्या तोंडानं? कोल्हापूरच्या दोन खोल्यांत त्याला हसवायला आहे काय? एकदा आपण त्याला आपल्या अब्रूसाठी दूर लोटलं. आता आपल्याच मनासाठी ओढून नेलं, तर ते तरी वेगळं काय?

तो शेडमध्ये गेला. मागाच्या आवाजात वाकून विचारलं, "कृष्णात, हितं ऱ्हातोस व्हय?"

"हितं ऱ्हातोस," कृष्णात म्हणाला. नजर धोट्यावर.

"बरं हाय तर मग. मी जातो. येत जाईन मधनंमधनं." कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण त्याला शिवलेलं आवडायचं नाही हे सयाजीला एवढं तरी आठवत होतं. त्यानं हात मागं घेतला. कपड्यांचं गाठोडं बाळाबाईच्या हवाली केलं. "भात कोरडा द्या त्येला," म्हणाला. "आमटी लागू देऊ नगा," म्हणाला. दारापर्यंत गेला आणि परत आला, "मोठ्यानं हाक मारू नगा." बाळाबाईनं नुसती मान हलवली, कारण सयाजीचे डोळे तिला दिसत होते.

ट्रकमध्ये चढला. इंजिन सुरू केलं. शेजारची जागा रिकामी. आयुष्यभर हा माणूस त्या जागेवर क्लीनर सोडून कुणाला बसू देत नसे, आणि आज ती रिकामी जागा त्याच्यानं बघवेना. गियर टाकला. ट्रक जागचा हलला.

दार उघडल्याचा आवाज आला. कृष्णात चालत्या गाडीवर पाय ठेवून वर चढला, दार ओढून घेतलं आणि आपल्या जागेवर ताठ बसला. धापा टाकत होता. मागून बाळासो गाठोडं घेऊन पळत आला. "आरं, असा का उठून आला? चांगला हसत होता की!"

सयाजीनं गाडी थांबवली. "का रं? आवडलं न्हाई व्हय?"

"आवडलं," कृष्णात म्हणाला.

"मग?"

कृष्णात समोरच्या काचेकडं बघत होता. बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलले. मग तो बोलला, आणि ते शब्द त्याचे नव्हते. बोलणं धोंडुबाईचं होतं, तिचा हेल, तिचं थांबणं, सगळं तसंच. "किस्ना, माझ्यामागारी दादा न्यायला ईल. मुकाट्यानं त्येच्यासंगं जा. त्यो लई रागीट हाय, त्येचं मन कुणाला कळत न्हाई. त्येला कोण न्हाई, तूच हायस. जेवल्याबिगर ऱ्हातोय, त्येला आधी जेवू घाल. एकटा सोडू नगंस त्येला."

एवढं म्हणून त्यानं इंजिनाच्या डब्यावर गाल टेकला. निरोप होता तो पोचवला, त्याचं काम झालं.

बाळासो गाठोडं धरून दारात तसाच उभा राहिला. सयाजीनं स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकलं आणि तो मोठमोठ्यानं रडला. आई गेली त्या दिवशी रडला नव्हता, अग्नी देताना रडला नव्हता, तो कबनूरच्या गल्लीत दहा माणसांदेखत लहान पोरासारखा रडला. सगळं गाव म्हणालं, म्हातारीचा जीव धाकट्यात अडकलाय. आणि तिचा जीव होता ह्या थोरल्या दांडग्यात, जो पुढच्या दारानं यायचा आणि पाहुण्यासारखा चहा पिऊन जायचा. त्याला सांभाळायला तिनं आपल्याजवळ होतं ते एकुलतं एक माणूस पाठवलं होतं. आणि तो माणूस सकाळपासून आपलं काम इमानानं करत होता, आणि जिथं जन्मभर हसत बसला असता ती जागा सोडून पळत आला होता.

रडून झाल्यावर सयाजीनं टॉवेलनं तोंड पुसलं, गाठोडं घेतलं, आणि बाळासोला म्हणाला, "दर म्हैन्याला ह्येला घेऊन येत जाईन. दिवसभर माग बघू दे. पैसं घेऊ नगंस बघायचं."

"आरं जा की लेका!" बाळासो म्हणाला, पण त्याचेही डोळे ओले होते.

कोल्हापुरात शिरले तेव्हा दिवेलागण झाली होती. सयाजीचा ट्रक असा न ओरडता आलेला शाहूपुरीनं कधी बघितलाच नव्हता, त्यामुळं गल्लीत कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. शालूबाई दारात येऊन उभी राहिली, ती ट्रक समोर थांबल्यावर. पदरानं हात पुसत तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग त्याच्या मागं गाठोडं काखेत धरून उभ्या असलेल्या कृष्णातकडं.

"आणलात व्हय भावजींना?" तिचा चेहरा फुलला होता.

"मी कुठला आणतोय," सयाजी म्हणाला. "त्येनं आणलंय मला."

शालूबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण बाईमाणूस शहाणं, तिनं विचारत बसायचं नंतरवर टाकलं. "बरं, कुणी का आणंना," ती म्हणाली. "दोघं बी हातपाय धुवा. भाकरी गार व्हायला लागल्यात."

ताटं वाढली. कृष्णातनं नव्या घरात एकदा चारी बाजूंना बघितलं, भिंतीकडेचा एक कोपरा निवडला आणि तिथं बसला. त्याच्या ताटात भात एकीकडं आणि आमटी वेगळ्या वाटीत होती. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"काय वो, जेवत न्हाईत भावजी?" शालूबाई घाबरली. "काय चुकलं का माझं?"

"काय चुकलं न्हाई," सयाजी म्हणाला, आणि घाईघाईनं पहिला घास तोंडात घातला.